एवढे पैसे घालून नुसतं बसायचं?

सप्रेम नमस्कार,

मी ५५ वर्षांची, नागपूरच्या महाल भागात राहते. ह्यांनी कोराडीच्या वीज केंद्रात ३३ वर्षं शिफ्टची नोकरी केली, मागच्या जूनमध्ये निवृत्त झाले. येत्या फेब्रुवारीत आमच्या लग्नाला ३० वर्षं होतील. पुण्याची मुलगी म्हणते, तुम्ही दोघं अंदमानला जा, पैसे मी देते. तिने एका सहल कंपनीचा सहा रात्रींचा कार्यक्रम पाठवला आहे. तीन रात्री पोर्ट ब्लेअर, दोन हॅवलॉक बेटावर, एक नील बेटावर. मध्ये सेल्युलर जेल, रॉस, नॉर्थ बे, चिडिया टापू आणि एक दिवस पहाटे तीनला उठून बाराटांग. तो कागद वाचूनच मला थकवा आला. मला फक्त समुद्राकडे पाहत बसायचं आहे, कोणी चहा मागणार नाही अशा ठिकाणी. हे म्हणतात, "एवढे पैसे घालून नुसतं बसायचं? बसायला घर काय वाईट आहे?" त्यांचंही पटतं. शिवाय सासूबाई ८२ वर्षांच्या, त्यांना कोणाच्या भरवशावर सोडू? त्या स्वतः म्हणतात जा म्हणून, पण माझाच पाय निघत नाही. समुद्र मी आयुष्यात एकदाच पाहिला, गणपतीपुळ्याला, तोही दर्शनाच्या रांगेतून. पाण्याची भीती वाटते. आणि खरं सांगू, दिवसभर किनाऱ्यावर करतात तरी काय, हेही मला माहीत नाही. मी चुकते आहे का?

तुमची,
एक वाचक, महाल

*

ताई,

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना "कोणी चहा मागणार नाही अशा ठिकाणी" या शब्दांखाली पेन्सिलीने रेघ ओढली. तीस वर्षांच्या संसारात तुम्ही मागितलंत ते एवढंच. तुम्ही चुकत नाही आहात. सहलीच्या कागदावर सहा दिवसांत जेवढी ठिकाणं कोंबली आहेत त्यातली निम्मी कमी करा, आणि हॅवलॉकला एकाच खोलीत सलग चार रात्री राहा. माझा सल्ला एवढाच आहे. तो तुम्हाला, तुमच्या यजमानांना आणि सासूबाईंना कसा जमेल, ते आता सविस्तर सांगते.

अंदमानला मी दोनदा गेले आहे. पहिल्यांदा अशाच एका कंपनीबरोबर, साधारण असाच कागद हातात घेऊन. त्या सहलीतलं मला काय आठवतं? बसची पायरी. राधानगरच्या किनाऱ्यावर आम्हाला पन्नास मिनिटं दिली होती. मी चपला काढल्या, ओल्या वाळूत पाय ठेवले, लाट घोट्यापर्यंत आली, आणि मागून शिट्टी वाजली. पुढच्या ठिकाणाला उशीर होत होता. नागपूरला परत आले तेव्हा पाय सुजलेले होते आणि दोन दिवस झोपून काढावे लागले. सुट्टीनंतर सुट्टी घ्यावी लागली. पुढे बऱ्याच वर्षांनी आम्ही दोघं आमचे आम्ही गेलो आणि एकाच बेटावर चार रात्री राहिलो. ते दिवस मला तासातासाने आठवतात.

किनाऱ्यावर दिवसभर करतात काय, असं तुम्ही विचारलंत. हा प्रश्न मला फार प्रामाणिक वाटला, म्हणून आधी त्याचंच उत्तर देते.

पहिल्या दिवशी काहीच जमत नाही, हे आधीच सांगून ठेवते. हात काम शोधतात. आपण दुसऱ्याच्या टेबलावरचे पेले एकावर एक रचायला लागतो. अकरा वाजले की मनात कुकर चढतो. दूध आलं असेल का, सासूबाईंनी गोळी घेतली असेल का, हे डोक्यात चालूच राहतं. तुम्हालाही असं होईल. तेव्हा "मला आरामही करता येत नाही" असं म्हणून रडवेल्या होऊ नका. तीस वर्षांचा फिरता पंखा बटण बंद केलं तरी थोडा वेळ फिरणारच. दुसऱ्या दिवशी दुपारनंतर तो मंदावतो. म्हणूनच चार रात्री म्हणते आहे. दोन रात्रीत नुसती ओळख होते, आणि तिथून निघायची वेळ येते.

अंदमानात दिवस आपल्यापेक्षा लवकर सुरू होतो. नागपूर ७९ अंश रेखांशावर, हॅवलॉक ९३ अंशांवर, आणि घड्याळ मात्र दोन्हीकडे एकच. एका अंशाला चार मिनिटं या हिशेबाने तिथला सूर्य आपल्यापेक्षा जवळजवळ तासभर पुढे असतो. फेब्रुवारीत साडेपाच-पावणेसहाला उजाडतं आणि संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास सूर्य मावळतो. तुम्हाला पहाटे उठायची सवय आहेच. हॅवलॉकच्या पूर्वेच्या बाजूला, गोविंदनगर आणि विजयनगरच्या किनाऱ्यालगत राहायची बरीच ठिकाणं आहेत. खोली तिथेच घ्या. खोलीतून चालत पाण्यापर्यंत जाता यायला हवं. दर वेळी गाडी बोलवावी लागली की आरामाचं पुन्हा कामच होतं. सकाळी चहाचा कप हातात घेऊन वाळूत बसलात की समोर पाण्यातून सूर्य वर येताना दिसेल. तो चहा दुसऱ्या कोणीतरी केलेला असेल.

मग ओहोटी-भरती बघा. आपण नागपूरचे लोक तलावावर वाढलेलो. अंबाझरीचं पाणी सकाळी होतं तिथेच संध्याकाळी असतं. समुद्राचं तसं नाही. साधारण सव्वासहा तास पाणी चढतं, तेवढाच वेळ उतरतं, आणि रोजची वेळ पन्नासेक मिनिटांनी पुढे सरकते. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण असतं, म्हणजे भरतीला पाणी जास्त वर येतं आणि ओहोटीला जास्त लांब जातं. पूर्वेचा किनारा उथळ आहे. तिथे ओहोटीला पाणी इतकं मागे हटतं की मघाशी जिथे लाटा होत्या तिथे नुसती ओली वाळू, दगड आणि मध्ये मध्ये छोटी डबकी उरतात.

अशाच एका डबक्याशी मी एका सकाळी तासभर उकिडवी बसले होते. बोराएवढा एक शंख आपोआप चालत होता. नीट पाहिलं तर आत खेकडा. या खेकड्याचं पोट मऊ असतं, त्याला स्वतःचं कवच नसतं, म्हणून तो मेलेल्या गोगलगाईचा रिकामा शंख शोधून त्यात राहतो. अंग वाढलं की मोठा शंख शोधायचा, जुना टाकायचा. माझी सावली पडली की तो दार लावल्यासारखा पंजा पुढे घेऊन आत बसायचा. मी हलले नाही की दोन-तीन मिनिटांनी आधी मिशा बाहेर, मग डोळे, मग पाय. एक दगड चढायला त्याने तीनदा प्रयत्न केला. आमच्याकडे पाहुणे यायचे असते तर मला तो दिसलाही नसता. म्हणून सांगते, किनाऱ्यावरून शंख उचलून आणू नका, रिकामा दिसला तरी. तो कोणाचं तरी पुढचं घर असतो. प्रवाळाचा तुकडा तर अजिबात नको. प्रवाळाला वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे, आणि विमानतळावर सामानात सापडला तर तो काढून घेतात, वर मनस्ताप.

ऊन चढलं की झाडाखाली बसा. तिथल्या किनाऱ्यावर जे उंच, गडद पानांचं झाड दिसेल त्याला स्थानिक लोक समुद्री महुआ म्हणतात. आपल्या विदर्भातल्या मोहाच्या कुळातलंच, चिकूही त्याच कुळातला. मला ते कळलं तेव्हा फार बरं वाटलं होतं. घरापासून इतक्या लांब, चहूबाजूंनी पाणी, आणि सावली मात्र आपल्या ओळखीच्या घराण्यातली. तिथे चटई टाका, पडा, वाचा, झोपा. दुपारी जेवून दोन तास झोपलात तर कोणी काही म्हणणार नाही.

आता तुमच्या यजमानांकडे वळते, कारण त्यांच्या "नुसतं बसायचं?" या प्रश्नात मला कंजूषपणा दिसत नाही. ३३ वर्षं शिफ्ट केलेला माणूस. रात्रपाळी, दुपारपाळी, सकाळपाळी. त्या माणसाला बसणं म्हणजे कामचुकारपणा वाटतो, आणि निवृत्तीनंतरच्या पहिल्या वर्षात तर जास्तच, कारण घरात आपण आता कोणत्या उपयोगाचे हा प्रश्न त्यांच्या मनात असणार. त्यांच्याशी "तुम्हाला माझ्या थकव्याची किंमतच नाही" असं भांडू नका. त्यांना काम द्या. बोटीची तिकिटं, विमानाच्या वेळा, भरती-ओहोटीचं वेळापत्रक, हा सगळा भाग त्यांच्याकडे सोपवा. वीज केंद्रात काम केलेल्या माणसाला भरती-ओहोटीचा तक्ता आवडेल बघा.

आणि मी हॅवलॉकच का म्हणते, नील का नाही, त्याचंही कारण तेच आहेत. नील लहान आहे, सपाट आहे, भाजीपाल्याच्या शेतांचं आहे, हॅवलॉकपेक्षा शांत आहे. तुम्ही एकट्या असतात तर मी नीलच सांगितलं असतं. पण बसवत नसलेल्या माणसाला तिथे दुसऱ्या दिवशी कंटाळा येईल, आणि त्यांचा कंटाळा तुमच्याच अंगावर येईल. हॅवलॉकला त्यांच्यासाठी पुष्कळ आहे. सकाळी एलिफंट बीचला बोटीने किंवा जंगलातल्या वाटेने चालत जाऊन काचेच्या मुखवट्यातून पाण्याखालचे मासे बघता येतात. ट्रेनरबरोबरची स्कूबाची एक फेरी पोहता न येणाऱ्यालाही करता येते. मात्र रक्तदाब, दमा, हृदयाचा त्रास किंवा कानाची जुनी तक्रार असेल तर निघण्याआधी आपल्या डॉक्टरांना विचारून घ्या. तिथे पोहोचल्यावर फॉर्मवर "नाही" लिहून मोकळे होऊ नका. स्कूबा केल्यावर निदान अठरा तास विमानात बसायचं नाही, म्हणून ती पहिल्या-दुसऱ्या दिवशीच उरका. ते सकाळी त्यांच्या वाटेने जातील, तुम्ही तुमच्या चटईवर राहाल, दुपारी जेवायला भेटाल. नवराबायकोने प्रत्येक तास बरोबर घालवलाच पाहिजे असं काही नाही. तीस वर्षं पाळ्या सांभाळलेल्या जोडप्याला तर हे सांगायलाच नको.

संध्याकाळ मात्र दोघांची ठेवा, आणि ती राधानगरला. हा किनारा बेटाच्या पश्चिमेला आहे, बोटीच्या धक्क्यापासून दहा-बारा किलोमीटरवर. २००४ साली टाइम मासिकाने त्याला आशियातला सर्वोत्तम किनारा म्हटलं होतं, आणि २०२० मध्ये त्याला स्वच्छतेचं ब्लू फ्लॅग मानांकन मिळालं. पण ही विशेषणं विसरून जा. साडेतीनलाच तिथे पोहोचा, दोन तास हातात ठेवा. बसवाले येतील, फोटो काढतील, जातील. तुम्ही बसून राहा. त्या किनाऱ्यावर उंच झाडं थेट वाळूपर्यंत आलेली आहेत, आणि सूर्य खाली गेला की झाडांच्या सावल्या पाण्याकडे पाठ करून जंगलात शिरतात. चारपैकी दोन संध्याकाळी तिथेच घालवा. तीच जागा दुसऱ्यांदा पाहताना जास्त दिसते.

त्यांना हे कसं पटवायचं? जेवणाच्या ताटावर हा विषय काढू नका. एखाद्या संध्याकाळी दोघं फुटाळा तलावावर जा. भाजलेलं कणीस घ्या, काठावर बसा, मोबाईल दोघांचेही घरी ठेवा आणि अंधार पडेपर्यंत उठू नका. बोलणं झालं तर झालं. मग तिथेच त्यांना सांगा, "मला असं चार दिवस हवं आहे." आम्ही दोघांनी दुसऱ्या सहलीआधी असंच केलं होतं. पहिला अर्धा तास आमचे हे तीनदा उठले, चौथ्यांदा मात्र त्यांनी मला नोकरीतला एक जुना प्रसंग सांगितला, जो तीस वर्षांत कधी सांगितला नव्हता.

कार्यक्रमातून काय काढायचं ते आता स्पष्टच सांगते. बाराटांग काढा. रात्री अडीच-तीनला उठून, शंभरेक किलोमीटर रस्त्याने, जारवा आदिवासींच्या राखीव जंगलातून गाड्यांच्या ताफ्यात जायचं. चुनखडीच्या गुहा सुंदर असतील, पण तो रस्ता दुसऱ्यांच्या घराच्या अंगणातून जातो, आणि गाडीच्या काचेला नाक लावून माणसं बघायला जाणं मला पटत नाही. त्यांचे फोटो काढणं कायद्याने गुन्हा आहेच. नॉर्थ बे, चिडिया टापू, सगळं काढा. नील एका रात्रीसाठी असेल तर तेही काढा. एका रात्रीसाठी बॅग भरा, बोटीत बसा, बॅग उघडा, पुन्हा भरा, यात एक अख्खा दिवस जातो.

सेल्युलर जेल मात्र ठेवा, आणि त्याला पूर्ण दुपार द्या. पोहोचल्या दिवशीच जा. १८९६ ते १९०६ अशी दहा वर्षं ते बांधकाम चाललं. मधल्या मनोऱ्यापासून सात पाखे चाकाच्या आऱ्यांसारखे पसरलेले, एकूण ६९३ कोठड्या. आज तीनच पाखे उभे आहेत. एका पाख्याच्या कोठड्यांची दारं दुसऱ्या पाख्याच्या पाठीकडे उघडतात, म्हणजे कैद्याला कैद्याचं तोंड दिसू नये. सावरकर १९११ ते १९२१ तिथे होते, त्यांचे थोरले बंधू बाबारावही तिथेच होते, आणि दोघा भावांना एकमेकांची भेट सहजी नव्हती. त्या कोठडीत उभं राहिलं की बाहेर पडल्यावर बराच वेळ बोलावंसं वाटत नाही. म्हणून त्यानंतर काही ठेवू नका. सहलवाले तिथून थेट मोत्यांच्या दुकानात नेतात, ते मला तेव्हाही खटकलं होतं आणि अजूनही खटकतं. रात्री लवकर झोपा, दुसऱ्या दिवशी सकाळच्या बोटीने हॅवलॉक.

म्हणजे एक रात्र पोर्ट ब्लेअर, चार हॅवलॉक, शेवटची पुन्हा पोर्ट ब्लेअर. ही शेवटची रात्र कोणी कितीही म्हटलं तरी सोडू नका. समुद्र खवळला की बोटी रद्द होतात. विमानाच्याच दिवशी हॅवलॉकहून निघायचं ठरवलंत तर सुट्टीचे शेवटचे दोन दिवस धास्तीत जातील. तिकिटांवर नावं वेगळी दिसली तर घाबरू नका. २०१८ पासून हॅवलॉकचं सरकारी नाव स्वराज द्वीप, नीलचं शहीद द्वीप आणि रॉसचं नेताजी सुभाषचंद्र बोस द्वीप आहे. पोर्ट ब्लेअरचं २०२४ मध्ये श्री विजय पुरम झालं. नागपूरहून कोलकाता किंवा चेन्नईमार्गे विमान पडेल. मध्ये भरपूर वेळ ठेवा, धावत विमान पकडायची ही सहल नाही. फेब्रुवारी तुम्ही छान निवडला आहे. पाऊस नसतो, समुद्र बराच शांत असतो. मे महिन्यात आपल्याकडे नवतपा लागायच्या आधीच मान्सून अंदमानात पोहोचलेला असतो.

पाण्याच्या भीतीबद्दल. ही भीती घालवायला तुम्ही निघालेल्या नाही आहात, तेव्हा ती बरोबर येऊ द्या. घोट्याएवढ्या पाण्यात चालणं, हेही समुद्रात जाणंच आहे. गुडघ्यापर्यंत गेलात आणि बरं वाटलं तर तिथेच बसा, लाट कमरेपर्यंत येईल आणि जाईल. त्यापुढे जायची काही गरज नाही. जीवरक्षक असतील त्याच भागात पाण्यात उतरा, आणि सूर्य मावळल्यावर कोणीही पाण्यात नाही, तुमचे हेही नाहीत. अंदमानात खाऱ्या पाण्यातल्या मगरी आहेत. खाडीच्या तोंडाशी आणि तिवरांच्या जंगलाजवळ तसे फलक लावलेले असतात. फलक दिसला की तिथून मागे फिरायचं, मग भले दुसरे चार जण पाण्यात खेळत असोत.

कपड्यांचं तुम्ही विचारलं नाहीत, पण मनात असणार. साडी नको, सुती पंजाबी ड्रेसही पाण्यात नको, भिजला की मणभर होतो आणि पायात अडकतो. पूर्ण बाह्यांचा, लवकर वाळणारा टी-शर्ट आणि तशीच लेगिंग. आपल्या वयाच्या पुष्कळ बाया तिथे तशाच असतात, कोणी बघत नाही. वर टोपी. "आम्ही नागपूरचे, पंचेचाळीस डिग्री काढतो, आम्हाला काय ऊन लागणार" असं मीही म्हणाले होते आणि तिसऱ्या दिवशी पाठ टेकवत नव्हती. आपलं ऊन कोरडं, ते लगेच कळतं. तिथे वारा असतो, अंग ओलं असतं, म्हणून भाजलेलं कळत नाही, पण विषुववृत्ताच्या जास्त जवळ असल्याने किरण जास्त सरळ पडतात, वर पाणी आणि पांढरी वाळू तेच ऊन परत अंगावर फेकतात. अकरा ते तीन सावलीत राहायचं. हवा दमट, घाम वाळत नाही, म्हणून नारळपाणी सतत. संध्याकाळी वाळूतल्या बारीक माश्या पायाला चावतात आणि खाज आठवडाभर राहते. बसण्याआधी पोटऱ्यांना खोबरेल तेल चांगलं चोपडा.

बोट लागत असेल तर डॉक्टरांकडून गोळी लिहून घ्या आणि बोट सुटायच्या अर्धा-पाऊण तास आधी घ्या, उलटी सुरू झाल्यावर नाही. उपाशीपोटी बसू नका आणि तर्री पोहे खाऊनही नको, चार बिस्किटं पुरे. बोटीच्या मध्यभागी बसा, मोबाईलमध्ये पाहू नका, दूर क्षितिजाकडे पाहा. दीड-दोन तासांचाच प्रवास आहे. जेवणाची चिंता करू नका. हॅवलॉकची बरीच वस्ती पूर्व बंगालमधून येऊन वसलेल्या लोकांची आहे. भात, डाळ, वांग्याची भाजी, बटाट्याची भाजी कुठेही मिळते. पोळी मनासारखी मिळेलच असं नाही. दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि थोडा चिवडा बरोबर असू द्या. हिंदी सगळ्यांना येतं, तेव्हा नागपूरच्या माणसाला भाषेची अडचण नाही. रोख पैसे थोडे जास्त ठेवा.

आणि आता सासूबाई. हा भाग मी शेवटी ठेवला, कारण खरी गाठ इथेच आहे असं मला पत्रावरून वाटलं. त्या "जा" म्हणताहेत आणि तरी तुमचा पाय निघत नाही. ताई, त्या ८२ वर्षांच्या बाईचं म्हणणं खरं माना. त्या मनापासून म्हणताहेत. आपण गेल्याने त्यांना एकटं वाटेल याचं भय तुम्हाला आहे, पण आपल्यामुळे सून तीस वर्षांत कुठे गेली नाही, हे ओझं त्यांच्याही मनावर असू शकतं. तेही उतरू द्या.

तयारी मात्र नीट करा, कारण तयारी असली की मन तिथे जाऊन टेकतं. जवळचं कोणी, नणंद, जाऊ, भाची, सहा रात्री घरी येऊन राहील असं बघा. पैसे देऊन रात्रीची बाई ठेवणं शक्य असेल तर तिला आदल्या महिन्यापासूनच आठवड्यातून एक-दोन दिवस बोलवा, म्हणजे सासूबाईंना तिचा हात ओळखीचा होईल. जानेवारीत एकदा तुम्ही दोघं रामटेकला जाऊन दोन रात्री बाहेर राहा. जे काही अडेल ते त्या दोन दिवसांत कळेल, आणि रामटेकहून तासाभरात परत येता येतं. औषधांचा कागद मोठ्या अक्षरात लिहून फ्रिजवर लावा: कोणती गोळी, किती वाजता, जेवणाआधी की नंतर, डॉक्टरांचा नंबर, शेजारच्यांचा नंबर. गोळ्या सात दिवसांच्या सात पुड्यांत बांधून ठेवा. २०२० मध्ये चेन्नईहून समुद्राखालची केबल टाकल्यापासून अंदमानात फोन पुष्कळ सुधारला आहे, तरी हॅवलॉकला कधी कधी रेंज जाते. म्हणून दिवसातून एकच वेळ ठरवा, समजा दुपारी साडेबारा, आणि घरी सांगून ठेवा की फोन लागला नाही तर काळजी करायची नाही, दुसऱ्या दिवशी लागेल. दर तासाला फोन करू नका. तुमच्या दर तासाच्या फोनने सासूबाईही थकतील.

एक गोष्ट त्यांना विचारा, आणि हे नक्की करा. त्यांनी समुद्र पाहिला आहे का? नसेल, तर राधानगरहून एका संध्याकाळी व्हिडिओ कॉल करा. त्यात तुमचे चेहरे नकोत, फोन पाण्याकडे धरा आणि गप्प राहा, त्यांना लाटांचा आवाज ऐकू द्या. मी माझ्या आईला असा ऐकवला होता. ती दोन मिनिटं काहीच बोलली नाही, मग म्हणाली, "अगं, हा थांबतच नाही का?"

सहल कंपनीला बदललेला कार्यक्रम चालतो का, हे मुलीला विचारायला सांगा. नाही म्हणाले तर विमान, बोट आणि दोन ठिकाणच्या खोल्या ती पुण्यात बसून सहज काढू शकेल. हॅवलॉकच्या बोटींची तिकिटं फेब्रुवारीत लवकर संपतात, ती आधी काढा. पण त्याच्याही आधी जी कोणी घरी येऊन राहणार आहे तिला फोन करा. तारखा तिच्या सोयीने ठरवा, लग्नाचा वाढदिवस दोन दिवस मागेपुढे झाला तरी चालेल.